गोणपाटावरचे शंभर दाणे

२०२० च्या जून महिन्यात मराठवाड्यातल्या हजारो शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरले आणि ते उगवलेच नाही. पाऊस वेळेवर आला होता. टाळेबंदीच्या दिवसांतही धडपड करून बियाण्याच्या पिशव्या घरी आणल्या होत्या. तीस किलोच्या एका पिशवीला दोन हजारांच्या वर पैसे पडले होते, आणि ते कुणी सोसायटीतून, कुणी सावकाराकडून, कुणी घरातला डाग मोडून उभे केले होते. आठ दिवस झाले, दहा दिवस झाले. तासात कुठे एक रोप, कुठे दोन. माती उकरून पाहावी तर दाणा फुगून कुजलेला. मग दुबार पेरणी. पुन्हा बियाणे, पुन्हा खत, पुन्हा पाभरीचे भाडे.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले माकणी आणि त्याच्या भोवतीची गावे याच पट्ट्यात येतात. माकणी म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक तेरणा नदीवरचे निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण. दुसरी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारी-सास्तूरचा तो भूकंप झाला तेव्हा या धरणाच्या पाण्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का, अशी चर्चा शास्त्रज्ञांत आणि गावकऱ्यांत खूप दिवस चालली. शास्त्रज्ञ एकीकडे बोलतात, सरकार दुसरीकडे बोलते आणि मध्ये ज्याचे घर पडले तो माणूस उभा असतो, हे या भागाने तेव्हाच पाहिले आहे. बियाण्याच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने तेच घडते. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे. शेत आपले असो, बटाईने केलेले असो, की आपण नुसते रोजाने जात असू. पेरणी फसली की त्याचा चटका सगळ्यांच्याच चुलीला बसतो. दुबार पेरणी झालेल्या शेतात खुरपणीचे आणि काढणीचे दिवस कमी होतात, आणि त्या दिवसांवर ज्या बायांचे वर्ष चालते त्यांना कुठलेच खाते भरपाई देत नाही.

आता बियाणे का उगवले नाही ते पाहू. त्याचे उत्तर आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आहे.

सोयाबीनचा दाणा मोठा नाजूक असतो. ज्वारीचा दाणा आपल्या आया-आज्यांनी राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवला तरी पुढच्या पेरणीला टणटणीत राहायचा. सोयाबीनचे तसे नाही. या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल असल्यामुळे तो लवकर जुना होतो, उष्णतेने आणि दमटपणाने त्याची उगवण्याची ताकद घटत जाते. शिवाय त्याचा अंकुर एका पातळ सालीच्या अगदी खाली असतो. पोते उंचावरून आपटले, थप्पीवर थप्पी रचली, मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की बाहेरून दाणा चांगला दिसतो, पण आतला अंकुर दुखावलेला असतो. वजनात तो भरतो, तेलाच्या गिरणीला तो चालतो, बाजारात भाव मिळतो. फक्त जमिनीत टाकला की मरतो.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात महाराष्ट्रात काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळत राहिला. शेंगा झाडावर भिजल्या, काढलेले ढीग भिजले. बियाण्यासाठी राखलेले प्लॉटही त्यातून सुटले नाहीत. त्याच पिकातून २०२० चे बियाणे निघाले. म्हणजे खराबी नेमकी कुठे झाली हे शास्त्राला ठाऊक होते, ती मोजायची रीत ठाऊक होती आणि मोजायला सात-आठ महिने हातात होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असलीच पाहिजे असे सरकारचे प्रमाण आहे. शंभर दाण्यांतून सत्तर उगवले पाहिजेत. मग शंभरात वीस-तीस उगवणारे बियाणे पिशवीत भरले कसे गेले, त्या पिशवीला टॅग कुणी लावला, दुकानात ती विकली जात असताना बियाणे निरीक्षकाने नमुना घेतला की नाही, हे प्रश्न कुणीतरी विचारायला हवे होते.

विचारले न्यायालयाने. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जून २०२० मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि जबाबदार असणाऱ्यांवर गुन्हे का नोंदवले जात नाहीत, याबद्दल कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांना जाब विचारला. खासगी कंपन्यांबरोबर महाबीजच्या बियाण्याबद्दलही तक्रारी होत्या. महाबीज म्हणजे १९७६ साली स्थापन झालेले, अकोल्याचे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, शासनाचे स्वतःचे. तेव्हा ‘कंपन्या लुबाडतात, सरकार वाचवते’ इतके हे प्रकरण सोपे नव्हते.

कायद्याचे पाहू गेल्यास तो आहे, आणि जुना आहे. १९६६ चा बियाणे कायदा. पण या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला शिक्षा किती ठेवली होती? जास्तीत जास्त ५०० रुपये दंड. पुन्हा गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९६६ साली पाचशे रुपयांना काही किंमत असेल. पुढे पुढे तेवढ्यात बियाण्याची पावपिशवीही येईना. २००४ साली नवे बियाणे विधेयक राज्यसभेत आले, ते मंजूर झाले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने पुन्हा एक मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केला, त्यात दंड लाखांच्या घरात नेला. म्हणजे पाचशे रुपयांचा दंड तुटपुंजा आहे एवढे समजायला आपल्या राज्यकर्त्यांना किती वर्षे लागली याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तरीही कायद्यात शेतकऱ्याच्या कामाच्या काही गोष्टी आहेत, आणि त्या आपल्या लोकांपर्यंत पोचत नाहीत. १९६८ च्या बियाणे नियमांत २३-अ हा नियम आहे. बियाणे सदोष असल्यामुळे पीक फसले अशी लेखी तक्रार शेतकऱ्याने केली, तर बियाणे निरीक्षकाने पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि उरलेल्या बियाण्याचा नमुना ताब्यात घेऊन चौकशी करायची असते. त्यासाठी तालुका पातळीवर समिती शेतावर येते. तिच्यात कृषी अधिकारी असतात, विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ असतो, कंपनीचा माणूसही असतो. इथेच खरी मेख आहे. समिती येईपर्यंत निम्म्या लोकांनी शेत मोडून दुबार पेरणी केलेली असते, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही. जिथे शेत तसेच असते तिथे कंपनीचा माणूस म्हणतो, पेरणी खोल गेली, किंवा पुरेशा पावसाआधी पेरले. यांत तथ्य कधी कधी असते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सोयाबीन तीन ते पाच सेंटीमीटरच्या खाली गेले तर अंकुराला माती फोडता येत नाही, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरू नये अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. पण पाऊस किती झाला हे कंपनीच्या माणसाने तोंडी सांगायची गोष्ट नव्हे. महसूल मंडळात पर्जन्यमापक असतो. माकणी हे मंडळाचे गाव आहे. त्या मंडळात कोणत्या तारखेला किती पाऊस पडला ही नोंद तहसील आणि कृषी कार्यालयात असते आणि माहितीच्या अधिकारात (२००५ चा कायदा) ती मागता येते.

उरलेल्या बियाण्याच्या नमुन्याचीही एक अडचण होती. शेतकऱ्याने सगळे बियाणे पेरून टाकले, मग नमुना कुठून आणणार? या मुद्द्यावर कंपन्या वर्षानुवर्षे सुटत आल्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या प्रकरणात हा दरवाजा बंद केला. विकत घेतलेले बियाणे पेरण्यासाठीच असते, पुढे खटला होईल म्हणून त्यातले काही राखून ठेवावे अशी अपेक्षा शेतकऱ्याकडून करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो हेही मान्य केले. हा निकाल फार मोलाचा आहे. विशेषतः आपल्यातल्या त्या कुटुंबांसाठी, ज्यांच्या नावावर सातबारा नाही. ग्राहक व्हायला सातबारा लागत नाही. पक्के बिल लागते.

बिलाच्या बाबतीत आपली माणसे कमी पडतात. दुकानदार ओळखीचा असतो, उधारी चालू असते, तो कच्च्या चिठ्ठीवर भागवतो आणि आपणही मागत नाही. बिलावर बियाण्याचे वाण, लॉट नंबर आणि तारीख नसेल तर पुढची सगळी लढाई लंगडी होते. पिशवीला टॅग असतो, तो फाडून फेकू नये. निळा टॅग म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेले प्रमाणित बियाणे. हिरवे लेबल म्हणजे सत्यतादर्शक बियाणे. त्याची हमी उत्पादक स्वतःच देतो, बाहेरची यंत्रणा देत नाही. दोन्हींना ७० टक्क्यांची अट आहेच.

२०२० ची गोष्ट जूनमध्येच संपली असती तर एक वेळ चालले असते. ज्यांनी दुबार पेरले, खुरपले, फवारले, त्यांच्या शेतात ऑक्टोबरपर्यंत शेंगा भरल्या. आणि ऑक्टोबरच्या मध्याला अतिवृष्टी झाली. उस्मानाबाद जिल्ह्यात (नामांतर पुढे २०२३ साली झाले) काढून ठेवलेले ढीग वाहून गेले, उभ्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. ज्या सोयाबीनला जूनमध्ये जमिनीत कोंब फुटला नाही, त्याला ऑक्टोबरात शेंगेत फुटला! मुख्यमंत्री येऊन गेले, विरोधी पक्षनेते येऊन गेले. शासनाने पंचनामे केले आणि जिरायती पिकाला हेक्टरी १०,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, अशी मदत जाहीर केली.

विम्याचे मात्र निराळेच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत काढणीनंतरचे आणि स्थानिक आपत्तीचे नुकसान ७२ तासांत कळवावे अशी अट होती. ज्यांनी कळवले त्यांना पैसे मिळाले. ज्यांनी कळवले नाही त्यांना कंपनीने नकार दिला. आता विचार करा. चार दिवस पाऊस कोसळतो आहे, वीज नाही, मोबाइलची बॅटरी संपलेली, ओढ्याला पूर, आणि अर्ज करायचा तो ॲपवर. शेतात तलाठी आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेलेले आहेत. सरकारला नुकसान दिसले, त्याने मदत दिली. त्याच सरकारने नेमलेल्या विमा कंपनीला तेच नुकसान दिसले नाही.

जिल्ह्यातले काही शेतकरी उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते: शासनाचे पंचनामे आहेत, ते पुरावा म्हणून धरा. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने बजाज अलायन्झ विमा कंपनीला आदेश दिला की जिल्ह्यातल्या ३,५७,२८७ शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्यावी, आणि कंपनीने दिली नाही तर राज्य शासनाने द्यावी. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे तिला २०० कोटी रुपये भरावे लागले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिथेही निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. मूठभर अर्जदारांनी चिवटपणा दाखवला आणि साडेतीन लाखांहून अधिक कुटुंबांचा प्रश्न मार्गी लागला. त्यांच्याकडे होते काय? सरकारचेच कागद. तलाठ्याने केलेला पंचनामा, ज्याच्यावर आपण सही करतो आणि नंतर विसरून जातो.

या सगळ्या आकड्यांत एक माणूस मोजला गेला नाही. गायरान कसणारा. मराठवाड्यात भूमिहीनांनी, त्यातही आपल्या समाजाने, पिढ्यान्‌पिढ्या खडकाळ गायराने फोडून पिकाखाली आणली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करावीत असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. पण निर्णय निघणे निराळे आणि सातबाऱ्यावर नाव चढणे निराळे. नाव नाही म्हणून विमा नाही, पंचनाम्यात गट नंबर नाही, मदतीच्या यादीत नाव नाही. त्याच ढगातून तोच पाऊस त्याच्या सोयाबीनवरही पडला होता. कृषी विद्यापीठाचे संशोधन, शासनाची योजना, न्यायालयाचा निकाल, सगळे सातबाऱ्याच्या उताऱ्यापाशी येऊन थांबते. ज्यांचे अर्ज अजून तहसीलमध्ये पडून आहेत त्यांनी दरवर्षीचा पिकाचा पुरावा साठवत राहावे: बियाण्याचे बिल, बाजार समितीची पट्टी, दंडाची पावती असेल तर तीही.

सोयाबीनच्या मागे किती धावायचे हाही प्रश्न आहेच. हे पीक वाईट नाही. मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. गाठ नखाने फोडून आत गुलाबी दिसली की समजावे, काम चालू आहे. पुढच्या पिकाला त्याचा फायदा मिळतो. पण ज्वारी, तूर, मूग, कारळ, अंबाडी मिळून जे शेत घरच्या ताटाला पुरवायचे, त्याची जागा एका विकाऊ पिकाने घेतली. ते फसले की घरात पैसाही नाही आणि दाणाही नाही. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने याच लातूर-उस्मानाबाद भागात बायकांना हाताशी धरून ‘एक एकर’ शेतीची पद्धत रुजवली. घरच्या शेतातला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा, त्यात धान्य, डाळी, भाजीपाला अशी अनेक पिके मिसळून घ्यायची, गांडूळ खत आणि घरचे बी वापरायचे, पाणी कमी लागेल असे पाहायचे. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे कौतुक आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काय पेरायचे हे ठरवायचा अधिकार त्या बायकांनी घरात मिळवला. नवऱ्याकडून एक एकर मागणे हे मंत्रालयात निवेदन देण्याइतके सोपे नसते, हे आमच्या भगिनी जाणतात.

घरचे बी हा मुद्दा सोयाबीनलाही लागू आहे, आणि तो परावलंबन तोडणारा आहे. सोयाबीनच्या फुलात परागीकरण फूल उमलण्याआधी आतल्या आतच होते. म्हणून ते संकरित कपाशीसारखे दरवर्षी विकत आणायची गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१ असो की जबलपूरचे जेएस-३३५, एकदा चांगले प्रमाणित बियाणे आणले की त्याच पिकाचे निवडक दाणे पुढची दोन-तीन वर्षे पेरता येतात. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि कंपनीच्या नाममुद्रेशिवाय विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. त्याच कायद्यात असेही आहे की नोंदणीकृत वाणाने सांगितल्याप्रमाणे पीक दिले नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. २०२० च्या फजितीनंतर कृषी खातेच गावोगाव घरचे बियाणे वापरा म्हणून सांगत फिरले. चला, उशिरा का होईना.

पण घरचे असो वा दुकानाचे, तपासल्याशिवाय पेरू नये. ही तपासणी प्रयोगशाळेत होते तशीच घरच्या पडवीतही होते आणि शाळेतल्या मुलांनाही करता येते. धुतलेले गोणपाट पाण्यात भिजवून पिळून घ्यावे. पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठ-मूठ बी काढून एकत्र करावे आणि त्यातले न निवडता शंभर दाणे मोजावेत. दहाच्या दहा ओळी करून बोटभर अंतरावर गोणपाटावर मांडाव्यात, वरून दुसरे ओले गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी करावी. सावलीत ठेवावी, रोज पाणी शिंपडावे. पाच-सात दिवसांनी उघडून धडधाकट कोंब मोजावेत. वाकडा, तुटका, कुजका कोंब मोजू नये, मन मोठे करू नये. सत्तर किंवा अधिक आले तर नेहमीचे एकरी तीस किलो पुरते. सत्तरच्या खाली जितके कमी, तितके अर्धा-अर्धा किलो बियाणे वाढवावे. साठच्याही खाली आले तर ते बी तेलाच्या गिरणीचे, शेताचे नव्हे. हे काम मे महिन्यात उरकावे. मृग निघाल्यावर दुकानात बदलून घ्यायलाही माल उरत नाही.

विम्याच्या बाबतीत आता नियम बदलले आहेत, तेही लक्षात असू द्यावे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सोय गेली, हप्ता शेतकऱ्याकडून पुन्हा घेतला जाऊ लागला आणि भरपाई मंडळातल्या पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरू लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात पुन्हा पुराने शेते खरवडून गेली. पीककापणी प्रयोग म्हणजे मंडळातली काही शेते चिठ्ठीने निवडून, ठरलेल्या मापाचा तुकडा कापून, मळून, वजन करणे. त्या वजनावर सबंध मंडळाचे नशीब ठरते. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे धरून सरासरी काढतात आणि तिच्या ठराविक टक्क्यांखाली उत्पन्न गेले तरच पैसे मिळतात. हा प्रयोग आपल्या गावात कोणत्या गटात, कोणत्या दिवशी होणार हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे आणि दोन-चार शिकलेल्या मुलांनी तिथे वही-पेन्सिल घेऊन उभे राहावे. वजनकाटा वाचायला पदवी लागत नाही.

बियाणे उगवले नाही तर आठ-दहा दिवसांच्या आत, शेत मोडण्यापूर्वी, तालुका कृषी अधिकाऱ्याच्या आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्यावा. अर्जात पेरणीची तारीख, त्या दिवसापर्यंतचा पाऊस, वाण, लॉट नंबर, दुकानाचे नाव, बिलाचा क्रमांक आणि एकरी किती किलो पेरले हे लिहावे. गोणपाटावर शंभरात किती उगवले होते तो आकडाही लिहावा, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांसह. बिलाची आणि टॅगची छायाप्रत जोडावी, मूळ आपल्याकडे ठेवावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच म्हणजे शिक्का, सही आणि तारीख. ‘ठेवून जा, बघतो’ ही पोच नव्हे.